स्क्रीनवर आकडा दिसतोय म्हणजे ट्रान्समीटर ठीक आहे, असं नाही

वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इन्स्ट्रुमेंट बिघडतात ती हलक्या मालामुळे, नामांकित कंपनीचा स्मार्ट ट्रान्समीटर (पातळी, दाब वगैरे मोजून आकडा कंट्रोल रूमला पाठवणारं उपकरण) लावला की कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचं माप बरोबर आहे ना हे तपासून दुरुस्त करणं, नको, बिघडला तर तो स्वतःच सांगतो, गोव्याच्या पावसापुढे इलाज नाही, आणि काही चुकलंच तर सेफ्टी ट्रिप, म्हणजे धोका दिसताच प्लांट आपोआप थांबवणारी यंत्रणा, आहेच. हे वाचून कुणी यंदाचं कॅलिब्रेशन पुढे ढकललं, तर जीव शिफ्टवरच्या माणसांचा टांगणीला लागेल.

आधी हलका माल. ब्रिटनच्या एचएसई या सुरक्षा संस्थेने कंट्रोल सिस्टीम फसल्याच्या 34 घटना तपासल्या. 44 टक्के घटनांत मूळ चूक, यंत्रणेने नेमकं काय करायचं हे ठरवण्यातच होती. आणखी 20 टक्के चुका प्लांट सुरू झाल्यावर केलेल्या बदलांत. भारी माल आणून यातलं काय टळणार?

‘स्वतःच सांगतो’ हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. ट्रान्समीटर आपलं माप 4 ते 20 मिलिअँपच्या करंटने कळवतो: 4 म्हणजे रिकामं, 20 म्हणजे पूर्ण भरलेलं. करंट साधारण 3.6 मिलिअँपच्या खाली किंवा 21च्या वर गेला तर सिस्टीमला बिघाड कळतो. मधली चूक कळत नाही. जुलैत एखादा जंक्शन बॉक्स (केबल जोडायची पेटी) उघडून बघा: तळाला पाणी, टर्मिनलवर हिरवट थर. त्या ओलीतून करंट गळतो, 12 मिलिअँपचे 13 होतात, आणि निम्मी टाकी स्क्रीनवर 56 टक्के दिसते. अलार्म वाजत नाही. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत 23 मार्च 2005 रोजी टॉवर भरत चालला होता आणि चुकीचं कॅलिब्रेशन असलेला लेव्हल ट्रान्समीटर पातळी उतरतेय असं दाखवत होता. 15 माणसं गेली.

पावसाला इलाज आहे, आणि तो स्वस्त आहे. केबल बॉक्समध्ये खालून घ्या, आत जाण्याआधी तिला झोळ द्या, रिकाम्या भोकांना प्लग लावा, गास्केट मे महिन्यातच बदला. वरून टेप गुंडाळल्याने पाणी उलट आतच अडकतं.

राहिला ट्रिप. ब्रिटनमधल्या बन्सफील्डच्या तेल डेपोत डिसेंबर 2005मध्ये टाकीतली पातळी दाखवणारा गेज अडकला. पातळी फार वर गेली की भरणं थांबवणारा वेगळा हाय लेव्हल स्विच होता, पण त्याचा टेस्ट लिव्हर जागेवर धरणारं कुलूपच लावलेलं नव्हतं, म्हणून तोही चालला नाही. पेट्रोल ओसंडून स्फोट झाला. तेव्हा नुसतं बटण दाबून रजिस्टरवर सही करू नका. सेन्सर हलवल्यापासून व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईपर्यंत अख्खा लूप तपासा आणि टेस्टनंतर स्विच पूर्ववत झालाय हे दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या.