उन्हाळ्यात मोशन सेन्सर ‘खोटा’ वाजतो म्हणून त्याला मंद करू नका

ऊन तापायला लागलं की एक मेसेज मोंढ्यातल्या आडत्यांच्या, सोसायट्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मराठवाड्याच्या उष्णतेत चोर-अलार्मचे मोशन सेन्सर (हालचाल टिपणारे) चालतच नाहीत, ते गरम हवा पकडून वाजतात. म्हणून सेन्सिटिव्हिटी तळाला न्या, लेन्सवर चिकटपट्टी मारा, खिडकीकडे तोंड असलेला सेन्सर काढून टाका, घरात मांजर असेल तर ‘पेट इम्यून’ (पाळीव प्राण्याने न वाजणारा) घ्या म्हणजे काळजी मिटली, आणि एवढं करूनही वाजला तर माल खराब समजून बदला. यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही. पहिला तर चोराच्या सोयीचा आहे.

‘उष्णतेने वाजतो’

घरोघरी बसवतात तो पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर स्वतः कुठलेही किरण सोडत नाही. समोरच्या वस्तूंमधून येणारी अवरक्त उष्णता तो फक्त टिपतो. दुधी रंगाच्या लेन्समुळे खोलीचे अनेक पट्टे पडतात. आत दोन संवेदक तुकडे शेजारी शेजारी असतात आणि एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. अख्खी खोली सावकाश तापली तर दोघांवर सारखाच परिणाम होतो आणि तो एकमेकांत कटतो. माणूस आडवा चालत गेला की आधी एक तुकडा, मग दुसरा जागा होतो, तेव्हा अलार्म सुटतो. म्हणजे ४३ अंशांत तापलेली भिंत सेन्सरला वाजवत नाही. झटकन झालेला फरक वाजवतो.

आपल्याकडे असा फरक करणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. झरोक्यातून आलेला उन्हाचा कवडसा सावकाश सरकतो, त्याने काही होत नाही. पण त्याच कवडशावर लिंबाच्या फांदीची सावली हलायला लागली की सेन्सरला भराभर बदल दिसतो. कूलरची हवा सेन्सरला दिसत नाही, पण त्या हवेने पडदा हलतो, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतं, आणि कॅलेंडरमागची गरम भिंत क्षणभर उघडी पडून पुन्हा झाकली जाते. झोत थेट सेन्सरवरच येत असेल तर लेन्सचंच तापमान खालीवर होतं. कूलर आणि सेन्सर एकमेकांच्या तोंडावर नकोत, मध्ये किमान २ मीटर ठेवा. पत्र्याच्या गोडाऊनमध्ये आणखी एक चूक सर्रास होते: सेन्सर लोखंडी अँगलवर बसवतात. वावटळ आली की शेड हादरते, आणि हादरणाऱ्या सेन्सरला समोरची सगळी खोलीच हललेली दिसते. तो विटांच्या भिंतीवर घ्या.

‘सेन्सिटिव्हिटी तळाला न्या’

याच सल्ल्यावर सगळ्यात जास्त बोलणं भाग आहे. सेन्सर माणूस ओळखत नाही, माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक ओळखतो. उघड्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं, कपड्यांचं त्याहून कमी. डिसेंबरात खोली २० अंशांवर असते, फरक भरपूर, सेन्सर लांबून पकडतो. मे महिन्यात भर दुपारी पत्र्याखाली ४२ झाले तर माणूस भिंतीपेक्षा थंड असतो. तरी फरक आहेच, सेन्सरला उलट दिशेचा बदलही चालतो. खरी अडचण मधल्या टप्प्यात आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता आत सोडत राहतो आणि बंद खोली कितीतरी वेळ ३२ ते ३५ अंशांवर रेंगाळते. तेव्हा माणूस आणि भिंत सेन्सरला जवळजवळ सारखेच दिसतात. घरातली माणसं गच्चीवर झोपायला गेलेली असतात तीच ही वेळ. या वेळी सेन्सर आधीच अधू झालेला असतो, त्यात तुम्ही सेन्सिटिव्हिटीही उतरवली तर १२ मीटर रेंजचा सेन्सर ४ मीटरवरही माणूस सोडून देऊ शकतो.

म्हणून खरेदी करताना ‘टेंपरेचर कॉम्पेन्सेशन’ आहे का ते विचारा. असा सेन्सर गरम खोलीत स्वतःच जास्त जागरूक होतो. अर्थात तो पडद्याच्या हालचालीलाही जास्त जागरूक होतो, त्यामुळे जागा नीट निवडणं उन्हाळ्यात दुप्पट महत्त्वाचं. मुळातली कारणं दूर केल्यावरही अधूनमधून वाजत असेल तर आतला पल्स काउंटचा जंपर (किती बदल मोजून वाजायचं ते ठरवणारी छोटी पिन) १ वरून २ वर न्या. यात लहानसा फरक टिपण्याची सेन्सरची ताकद कमी होत नाही. खात्रीसाठी एकाऐवजी दोन बदलांची वाट पाहतो.

‘लेन्सवर चिकटपट्टी मारा’

पारदर्शक पट्टी डोळ्यांना पारदर्शक असते, सेन्सरला असेलच असं नाही. ती कुठला पट्टा किती झाकते हे कळतच नाही. ठरावीक पट्टा बंद करायचा असेल, समजा देवघरातल्या समईकडचा, तर कव्हर उघडून लेन्सच्या आतल्या बाजूने तेवढाच भाग अपारदर्शक स्टिकरने झाका. बऱ्याच सेन्सरसोबत असे स्टिकर येतात. मग चालून पाहा आणि नेमकं काय झाकलं गेलं ते तपासा.

‘खिडकीतून रस्त्यावरची माणसं दिसतात’

खिडकी उघडी असेल तर खरं. बंद काचेतून नाही. सेन्सर ज्या लांबीच्या लहरी पाहतो, ८ ते १४ मायक्रॉन, त्या साधी काच अडवते. काचेपलीकडचा माणूस त्याला दिसतच नाही. मात्र ऊन आणि गाडीच्या हेडलाइटचा झोत काचेतून आत येतो, थेट लेन्सवर पडला तर त्रास देतो. तेव्हा सेन्सर काढू नका, बाजूच्या भिंतीवर सरकवा. त्यातही एक फायदा आहे: सेन्सर स्वतःकडे सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्याला लवकर पकडतो. ढाळजेतून आत येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल असा कोपरा निवडा, उंची २.१ ते २.४ मीटर. मायक्रोवेव्हसहित असलेल्या दुहेरी सेन्सरचं गणित मात्र वेगळं. त्याच्या लहरी काच आणि प्लायवूडमधून बाहेर जातात, छताच्या पंख्याने आणि पीव्हीसी पाइपातल्या वाहत्या पाण्यानेही चाळवतात, आणि पत्र्यावर आपटून शेडभर पसरतात. तिथे मायक्रोवेव्हची रेंज खोलीच्या लांबीएवढीच ठेवा.

‘पेट इम्यून घेतला की मांजर मोकळं’

जमिनीवर असेल तोपर्यंत. या सेन्सरचे खालचे पट्टे विरळ केलेले असतात, म्हणून जमिनीवरचा लहान प्राणी सुटतो. तेच मांजर कपाटावर चढलं किंवा सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीवरून उंदीर पळाला, तर तो सेन्सरच्या अगदी तोंडाशी येतो आणि माणसाएवढा मोठा दिसतो. थप्पी आणि सेन्सर यांत ३ मीटर मोकळे सोडा. सेन्सर खाली झुकवूनही बसवू नका, सगळा हिशेब बिघडतो. पाल आणि कोळी लेन्सवरच बसतात, त्यांना कुठलंच पेट इम्यून आवरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर दिव्याभोवती पंखांच्या मुंग्या जमतात आणि त्यांच्यामागे पाली येतात, म्हणून बल्ब आणि सेन्सर शेजारी नकोत. वायर आत जाते ते भोक न्यूट्रल क्युअर सिलिकॉनने बुजवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला गंजवतं. कीटकनाशकाचा फवारा लेन्सवर मारू नका, तेलकट थर बसतो.

‘तरी वाजला तर बदला’

आधी पॅनलच्या (अलार्मच्या मुख्य पेटीच्या) नोंदीतून झोन, म्हणजे कुठल्या भागातला सेन्सर वाजला ते, आणि वेळ काढा. रोज साधारण त्याच वेळी, ऊन असताना: कवडशावरची हलती सावली किंवा थेट लेन्सवर पडणारं ऊन. दिवेलागणीनंतर: किडे, पाली. लाइट गेल्यावर किंवा आल्यावर: बॅटरी. वेळेचा काहीच मेळ नसेल तर प्राणी किंवा वायरिंग.

मग कोणी राखणीला असेल अशा रात्री लेन्स जाड पुठ्ठ्याने पूर्ण झाका. अलार्म थांबला तर सेन्सर ठीक आहे, कारण खोलीत आहे. झाकूनही वाजला तर आत किडा आहे किंवा बिघाड विजेचा. (अँटी-मास्क, म्हणजे झाकल्याचं ओळखणारा सेन्सर, झाकल्यावर टॅम्पर म्हणजे छेडछाडीचा इशारा दाखवेल, ती वेगळी नोंद धरा.) पॅनलवर झोन पेटला पण सेन्सरचा लाल दिवा लागलाच नाही, तर सेन्सरला दोष देऊ नका. बहुधा झोनची वायर कुठेतरी सुटते आहे.

पॅनलमधली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी आपल्या उन्हाळ्यात लवकर निकामी होते. लाइट गेली की व्होल्टेज कोसळतं, सेन्सर पुन्हा चालू होतात आणि स्थिर व्हायच्या आत चुकीचा इशारा देतात. मेन बंद करून अर्धा तास थांबा आणि बॅटरी मोजा. १२ व्होल्टच्या खाली गेली असेल तर बदला. चार्जिंग चालू असताना ती १३.६ ते १३.८ दाखवायला हवी. वायर बारीक आहे ही तक्रार बहुतेकदा चुकीची निघते: सेन्सर १०-२० मिलिअँपिअर घेतो, ५० मीटरवरही पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. नुसते पिळून टेप मारलेले जोड मात्र दमट हवेत काळे पडतात. ते कापून पुन्हा जोडा, सोल्डर करा. अलार्मची वायर लाइटच्या वायरसोबत एकाच केसिंगमधून नेऊ नका, ३० सेंटिमीटरचं अंतर ठेवा.

एवढं करूनही झाकलेला सेन्सर वाजला तर तो खुशाल बदला. आणि जुना राहो की नवा येवो, चालून बघण्याची चाचणी मे महिन्यातल्या रात्री ९ ते ११ च्या दरम्यान करा, खिडक्या लावून, पंखा-कूलर बंद ठेवून. सकाळच्या गारव्यात पास झालेला सेन्सर त्या वेळी किती अंतरावर पकडतो ते पावलं मोजून लिहून ठेवा, आणि तेवढ्यात दार येत नसेल तर दुसरा सेन्सर दाराजवळ लावा.