जिलेटिनचे शाकाहारी पर्याय : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जिलेटिनच्या पर्यायांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप असे : इतक्या प्रक्रियेनंतर जिलेटिनला मांसाहारी ठरवणे म्हणजे उगाच कीस पाडणे आहे, पाकिटावर हिरवे चिन्ह असताना वेगळ्या चौकशीची गरज नाही, आणि चायना ग्रास घालून आपण केलेले आंब्याचे पुडिंग रबरासारखे घट्ट व गुठळ्यांचे झाले, म्हणजे हे पर्याय लिहिण्यापुरतेच बरे.

जिलेटिन डुकराच्या कातडीपासून, गुरांच्या कातडी-हाडांपासून किंवा माशांच्या कातडीपासून काढतात. त्यातील कोलॅजेन हे प्रथिन आम्लाने किंवा चुन्याने सैल करून गरम पाण्यात उतरवले, की जिलेटिन मिळते. प्रक्रियेने त्याचे रूप बदलते, उगम बदलत नाही; आणि दूध, मध असे अपवाद सोडले तर प्राणिजन्य घटक असलेले अन्न भारतीय कायदाही मांसाहारीच धरतो. ज्याला चालते त्याने ते अवश्य खावे. परंतु ज्या घरात आयुष्यभर शाकाहार पाळला गेला आहे, त्या घरातील आजींच्या पानात ते नकळत वाढले जाऊ नये, एवढे मला मनापासून वाटते.

हिरव्या चिन्हाबाबत आपले म्हणणे बंद पाकिटापुरते योग्य आहे. मात्र पुण्यातल्या बेकरीत काचेमागे ठेवलेले चीजकेक, मूसचे ग्लास, लग्नाच्या जेवणावळीतील थंड गोड पदार्थ यांवर चिन्ह कुठे असते? तेथे विचारावेच लागते. औषधांच्या कॅप्सूलचे आवरणही बहुधा जिलेटिनचे असते आणि त्यावर हे चिन्ह नसते. अर्थात, तेवढ्यासाठी औषध स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना पर्याय विचारावा.

आता आपल्या पुडिंगकडे येतो, कारण खरा मुद्दा तेथे आहे. जिलेटिनचा एकच पर्याय सर्वत्र चालेल, ही अपेक्षा चुकीची आहे. जिलेटिन शरीराच्या तापमानाच्या किंचित खालीच वितळते, म्हणून ते जिभेवर विरघळते. चायना ग्रास, म्हणजे लाल समुद्री शेवाळातील अगार, साधारण 85 अंश सेल्सिअसला वितळते आणि 35 ते 40 अंशांना गोठते. त्यामुळे पुण्याच्या एप्रिलमध्येही ते टेबलावर घट्ट राहते, पण तोंडात विरघळत नाही. हा गुणधर्म जेथे हवा आहे, तेथे ते उत्तमच. चीक मिळत नाही तेव्हा आपल्याकडे चायना ग्रासचा खरवस करतात. तो सुरीने स्वच्छ कापला जावा हीच त्याची खूण असल्यामुळे तेथे कोणाची तक्रार नसते. ताज्या अननसातील विकर जिलेटिनला गोठू देत नाही. अगारवर त्याचा परिणाम होत नाही, ही आणखी एक जमेची बाजू.

मऊ, दुधाळ पुडिंगसाठी कॅरगीनन, म्हणजे लाल समुद्री शेवाळातूनच मिळणारा दुसरा घटक, अधिक जुळते, कारण दुधातील प्रथिनांशी त्याची चांगली सांगड बसते. फळांच्या जेलीला पेक्टिन हवे. पेरूची किंवा कवठाची जेली करणाऱ्या घरांत ते फळातूनच मिळत आले आहे, आणि भरपूर साखर व आंबटपणा असल्याशिवाय ती जेली बसत नाही, हेही त्या घरांना ठाऊक असते. मार्शमॅलो मात्र अवघड आहे : हवा धरून ठेवणे आणि लवचिकपणा ही दोन्ही कामे जिलेटिन एकटे करते, तर शाकाहारी पाककृतीत त्यासाठी एकाहून अधिक घटक एकत्र आणावे लागतात.

आपल्या पुडिंगच्या गुठळ्यांचे कारण बहुधा फ्रीजमधून काढलेला गार आमरस असावा. गरम मिश्रणात तो पडताच अगार जागच्या जागी गोठते. घट्टपणा प्रमाणामुळे येतो : अर्धा लिटर मिश्रणाला 5 ग्रॅम चायना ग्रास वड्या पाडण्याइतके होते, चमच्याने खाण्याच्या पुडिंगला त्याच्या निम्मे पुरे. ते आधी नुसत्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे, मग त्यात गरम दूध घालावे, आणि गॅस बंद केल्यावर कोमट केलेला आमरस घालून लगेच वाट्यांत ओतावे. आमरस त्यात उकळू नये, कारण आंबट पदार्थासोबत उकळल्यास अगारची पकड कमी होते.