एका राज्याचे तीन संघ आमच्याकडेही आहेत

ब्रिटन देश एक, तरी त्याचे चार फुटबॉल संघ (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड) म्हणजे लबाडी, असं एका लेखाच्या लेखकाला वाटते. पण इंग्लंड-स्कॉटलंड पहिला सामना 1872 मध्ये ग्लासगोला झाला, शून्य-शून्य; फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, जन्मली 1904 मध्ये. आधीपासून राहणाऱ्याला घरातून कोण काढणार? ऑलिम्पिकला मात्र तेच सगळे एका झेंड्याखाली. 2012 च्या लंडनमध्ये पुरुषांचा एकत्र फुटबॉल संघ उतरवला, त्यात होते फक्त इंग्लंड आणि वेल्सचे पोट्टे. आयर्लंडचं तर उलटंच. रग्बीत उत्तर-दक्षिण मिळून एक संघ, फुटबॉलमध्ये दोन. आणि वेस्ट इंडीज? क्रिकेटमध्ये जमैकासकट अनेक कॅरिबियन देशांची एक टीम, पण धावपटू उसेन बोल्ट धावला तो जमैकासाठी.

आम्हा वऱ्हाडातल्या माणसाला यात नवल ते काय! राज्य एक महाराष्ट्र, क्रिकेटच्या रणजी करंडकात संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. 1 जानेवारी 2018 ला इंदूरला विदर्भानं दिल्लीला हरवून पहिल्यांदा करंडक आणला, तेव्हा आमच्या गावच्या पानठेल्यावर एकाच मोबाइलवर आठ डोकी वाकली होती. कापूस वेचून आलेला आमचा शेजारी, शर्टाला बोंडाची कुटी तशीच चिकटलेली, म्हणे, "पाय ना भाऊ, आपलं नाव लिहिलं हाय बोर्डावर." त्यानंतर आणखी दोनदा जिंकलो, 2018-19 आणि 2024-25. मुंबईकडून मिळालं असतं का आम्हाले हे? (वेगळ्या राज्याचा वाद इथं काढू नका, तो पानठेल्यावर रोज होतेच.)