“चूक तुझी, मग पैसे कसले?” कामगारांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतल्या कामगारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्याकडं तो तिघांनी पाठवला आणि तिघांनीही खाली एकच प्रश्न विचारला: “खरं आहे का हे?”

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कामावर इजा झाली आणि चूक कामगाराची असली तर एक रुपयाही मिळत नाही. ठेकेदाराच्या किंवा रोजंदारीच्या माणसाला कायदाच लागू नाही. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) म्हणजे नुसत्या गोळ्या, त्यासाठी पगारातून कापून घेऊ नका. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं की विषय संपला. घरून येताजाताना झालेला अपघात धरत नाहीत. आणि शेवटी, कोर्टात दहा वर्षं जातात, तेव्हा मालक देईल ते घ्या, सही करा आणि मोकळे व्हा.

मी अठरा वर्षं फौंड्रीत काढली, त्यातली बरीचशी फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा घासून साफ करायच्या कामाला. भाजलेले पाय, डोळ्यात गेलेली कच, प्रेसखाली गेलेली बोटं डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून या मेसेजला सविस्तर उत्तर देतोय.

आधी कायद्याचं नाव. कामगार भरपाईचा कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची आणि १९४८ च्या ईएसआय कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. मात्र इथं सांगतोय तो भरपाईचा गाभा संहितेतही कायम आहे. त्या तारखेआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो.

आता ‘चूक तुझी’ हा मुद्दा. सगळा मेसेज यावरच उभा आहे आणि नेमका हाच सगळ्यात खोटा आहे. चूक कुणाची, हा प्रश्न या कायद्यात नाहीच. इजा कामामुळं आणि काम चालू असताना झाली का, एवढंच बघायचं. लक्ष नव्हतं, हात घसरला, सलग दुसरी पाळी केल्यामुळं डुलकी लागली, तरी भरपाईचा हक्क जात नाही. मालकाला सुटका मिळते ती ठरावीक कारणांनी: कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता, त्यानं सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं. तेही मालकानं सिद्ध करायचं. आणि मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही कारणंही चालत नाहीत.

‘जाणूनबुजून’ या शब्दावर थोडं थांबतो. पॉवर प्रेसवर काम केलेल्या कुणालाही विचारा, गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी किंवा आडोसा) का काढलेला असतो. गार्ड असला की तासाला नग कमी निघतात. टार्गेट गाठायचं म्हणून सुपरवायझरच सांगतो, “काढ ते.” महिनोन्महिने प्रेस तशीच चालते, सगळ्यांना दिसत असते. मग एक दिवस बोटं जातात आणि त्या दिवशी गार्ड कामगारानं काढलेला ठरतो. अशा वेळी बाजूच्या मशीनवरचा माणूस खरं बोलला तर सगळं चित्र बदलतं. हँडग्लोव्हज दिलेच नव्हते तर ते घातले नाहीत हा आदेशभंग कसा होईल?

दुसरा मुद्दा ठेकेदाराच्या माणसाचा. मालकाच्या धंद्याचंच काम ठेकेदारामार्फत करून घेतलं असेल, तर भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. मालकानं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांच्यातला व्यवहार. रोजंदारीचं म्हणाल तर, तात्पुरत्या कामगाराला वगळणारी अट २००० सालच्या दुरुस्तीनं काढून टाकली. हजेरीपत्रकावर नाव नसेल तर पुरावा जमवायला त्रास पडतो हे मान्य, पण हक्क नाही असं त्यातून निघत नाही. गुऱ्हाळावर चरकात हात सापडलेला माणूस आणि इचलकरंजीत चार मागांच्या शेडमधला माणूस, दोघंही यात येतात. बिहार-ओडिशातून आलेल्या पोरांना हेही सांगा, की अर्ज अपघात झाला तिथंच करावा लागतो असं नाही, आपण राहतो त्या गावच्या हद्दीतही करता येतो.

ईएसआयबद्दल मेसेजमध्ये जे लिहिलंय त्यानं सगळ्यात जास्त नुकसान होईल. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय लागू होतो. पगारातून कापतात पाऊण टक्का, मालक भरतो सव्वातीन टक्के. म्हणजे १५,००० पगार असेल तर तुमचे ११३ रुपये आणि मालकाचे ४८८. त्यात घरच्यांचा दवाखाना तर आहेच. पण मेसेज लिहिणाऱ्यानं गाळलं ते असं: कामावरच्या इजेमुळं घरी बसावं लागलं तर सुमारे ९० टक्के पगार मिळतो, आणि त्यासाठी आधी अमुक इतके महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी इजा झाली तरी मिळतो. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम चालू होते. कामगार दगावला तर बायकापोरांना पेन्शनसारखी दरमहा रक्कम मिळते. मालकानं नोंदणीच केली नव्हती, तरी कारखाना कायद्याखाली येत असेल तर कामगाराचा हक्क बुडत नाही, ईएसआयचं महामंडळ मालकाकडून वसूल करू शकतं. दोन्हीकडून मात्र घेता येत नाही. ईएसआय लागू असेल तर त्याच इजेसाठी मालकाकडं कामगार भरपाईचा दावा चालत नाही.

ज्यांना ईएसआय नाही, म्हणजे उद्यमनगरातल्या पाच-सहा माणसांच्या शेडसारख्या जागा, तिथं भरपाईचा हिशेब वेगळा आहे आणि तो प्रत्येकानं एकदा करून बघावा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक पगाराचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. मृत्यू झाला तर ६० ऐवजी ५० टक्के. पगार कितीही असो, जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. वयाचा आकडा तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७. अंशतः अपंगत्व असेल तर कायद्याच्या परिशिष्टातली टक्केवारी लावायची. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन बोटं ३०, नुसता अंगठा गेला तरी ३०, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. म्हणजे १५,००० पगाराच्या तीस वर्षांच्या माणसाची दोन बोटं गेली तर ९,००० गुणिले २०७.९८ गुणिले २० टक्के, होतात ३,७४,३६४ रुपये.

हे कोष्टक म्हणजे शेवटचा शब्दही नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये एका सुताराच्या प्रकरणात त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला म्हणून शंभर टक्के अपंगत्व धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. हुपरीच्या चांदी कारागिराच्या अंगठ्याचा विचार करताना हा निकाल आठवावा.

‘बिल भरलं, विषय संपला’ हे दोन ओळींत निपटतं. उपचाराचा खर्च मालकानं द्यायचाच असतो आणि तो भरपाईत धरता येत नाही. भरपाई वेगळी, बिल वेगळं. काम बुडतं त्या काळात दर पंधरा दिवसांनी पगाराच्या २५ टक्के रक्कमही द्यायची असते.

येताजातानाच्या अपघाताबाबत २९ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, तोही आपल्या महाराष्ट्रातला. साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या ड्युटीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. उच्च न्यायालयानं त्याच्या घरच्यांची भरपाई रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयानं ती परत दिली. वेळ, जागा आणि कामाचा संबंध जुळत असेल तर घर ते काम हा प्रवासही कामात धरायचा, असं न्यायालयानं सांगितलं. नव्या संहितेत तर हे थेट लिहिलेलंच आहे. आपल्याकडं उसाच्या हंगामात रात्री-अपरात्री पाळीवर जाणारी किती माणसं आहेत, हे मी कोल्हापूरकरांना काय सांगावं.

कोर्टाला वेळ लागतो, या एका गोष्टीत मेसेज अगदीच खोटा नाही. भरपाईचा अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा असं १९२३ च्या कायद्यात लिहिलंय, प्रत्यक्षात तसं होताना मी पाहिलेलं नाही. वर सांगितलेल्या रखवालदाराच्या घरच्यांना बावीस वर्षं वाट बघावी लागली, हेही लपवत नाही. पण भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. विमा असेल तर कंपनी भरपाई आणि सहसा व्याजही भरते, दंड मालकाच्याच खिशातून जातो. अपिलासाठी आता मुंबई गाठायची गरज उरली नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय.

इथं छोट्या मालकांशीही बोलायचंय. तुमच्यातले कितीतरी जण स्वतः लेथवर उभे राहून वर आलेत, तुम्हाला कामगाराचं वाईट व्हावं असं वाटत नाही हे मला माहीत आहे. कामगार भरपाईचा विमा काढा. तो असला की जखमी माणसाला कागदावर अंगठा उठवायला लावायची वेळ तुमच्यावर येत नाही.

आणि आता सही. हक्क सोडून देतो असा करार कामगारानं केला तरी कायद्यानं तो रद्दबातल आहे. तडजोड करायची तर ती भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडं (नव्या संहितेत सक्षम प्राधिकारी) नोंदवावी लागते, रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. नोंदवलीच नाही तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते आणि आधी दिलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त वजाही करता येत नाहीत. मृत्यूची भरपाई तर घरच्यांच्या हातात परस्पर देताच येत नाही, ती आयुक्तांकडं जमा करायची असते.

माझ्या मावसभावाला यातलं काही माहीत नव्हतं. २०२१ च्या पावसाळ्यात एका छोट्या शेडमध्ये प्रेसवर त्याची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. वय तीस, पगार १५,०००. वर जो हिशेब केला तो त्याचाच आहे. आठव्या दिवशी, हाताला पट्टी असताना, डाव्या हातानं त्यानं शंभराच्या स्टॅम्पवर सही केली आणि २५,००० रुपये घेतले. ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही’ असं त्यावर होतं. सही केली म्हणजे आपण बांधले गेलो, असं समजून तो गप्प बसला. मला सांगितलं तेव्हा २०२४ उजाडलं होतं आणि अर्जाची दोन वर्षांची मुदत निघून गेली होती. उशीर माफ होऊ शकतो म्हणून मी त्याला कागद घेऊन यायला सांगितलं. तो दवाखान्याचा केसपेपर घेऊन आला. त्या दिवशी त्याला दवाखान्यात नेणाऱ्या सुपरवायझरनं डॉक्टरांना जे सांगितलं, तेच त्यावर होतं: ‘घरी कडबाकुट्टी मशीनमध्ये हात सापडून इजा.’

मावसभाऊ दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो. त्याच्याकडं म्हैसही नाही आणि कडबाकुट्टीही नाही.