शून्य वाढवायची गरजच नव्हती

दख्खनच्या दंगलींबद्दल एक मजकूर वरचेवर फिरतो: "सावकारांनी अडाणी शेतकऱ्यांच्या कर्जखतांत शून्यं वाढवली, म्हणून 1875 साली सुप्यात लोकांनी सावकार कापले, मग सरकारने 1879 च्या कायद्याने कर्जं माफ केली."

आधी शून्याचं. बनावट खतं होतीच. पण कर्ज फुगायचं ते अस्सल खतावर. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानुसार, नोंदणी नसलेल्या खतावर 3 वर्षांच्या आत दावा लावावा लागे. म्हणून तिसरं वर्ष सरत आलं की थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत. दर दरमहा शेकडा 2 रुपये धरा: 100 रुपयांचे तीन वर्षांनी 172, सहा वर्षांनी सुमारे 296, नऊ वर्षांनी 509. दामदुपटीचा, म्हणजे व्याज मुद्दलाहून जास्त मागता येत नाही हा, नियम आडवा येत नसे, कारण 172 च्या खतात जुने 100 दिसतच नसत. मधे फेडीपोटी घातलेलं धान्य जमा झालंच तर सावकाराच्या वहीत, पावती नाही. कोर्टापुढे खत, त्यावर सहीऐवजी शेतकऱ्याने काढलेली नांगराची निशाणी आणि साक्षीदार. कूळ, म्हणजे कर्जदार, हजर नसलं की कोर्टाचा एकतर्फी हुकूमनामा.

मग निशाणी का केली? अडाणीपणा हे अर्धंच उत्तर. सारा, म्हणजे जमिनीचा सरकारी कर, रोखीत आणि ठरल्या हप्त्याला भरायचा होता. नवं खत नाकारलं की साऱ्यालाही पैसा नाही आणि बियाण्यालाही नाही.

"सावकार कापले" हे तर उलटंच. 12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात आणि नंतर इतर गावांत मागणी एकच होती, कागद द्या. खतं, हुकूमनामे हाती आले की जाळायचे. अंगावर हात पडला तो बहुधा कागद द्यायला नकार मिळाला तिथे. नेम अचूक होता: बिननोंदणी खताची सरकारदप्तरी नक्कल नसे.

कर्जमाफीही झाली नाही. पुणे, सातारा, सोलापूर, नगर जिल्ह्यांपुरत्या 1879 च्या त्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायला लावलं, शेतकऱ्याची खतं गावनिबंधकापुढे लिहिणं सक्तीचं केलं आणि कर्जापायी होणारी कैद थांबवली. सावकारांनी यातूनही वाट काढलीच: गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत, आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचा बोल तेवढा तोंडी.