‘आग काय असते ते वणवा विझवणाऱ्यांना विचारा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात उंच गवताच्या मैदानांवर, म्हणजे प्रेअरीवर, वसंतात मुद्दाम आग लावतात, त्याबद्दलच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. खाली नाव नाही, त्यामुळे नुसतं ‘आपण’ म्हणते. आपलं म्हणणं असं : बायसनला मी ‘गवा’ म्हटलं ते चूक, आगीत किडे आणि फुलपाखरांच्या अळ्या मरतात, त्याचा लेखात उल्लेख नाही, आणि शेवटी, ‘अमेरिकेत बसून आगीचं कौतुक करणं सोपं आहे, आग काय असते ते वणवा विझवणाऱ्यांना विचारा.’

गव्याचं मान्य. गवा आपला, राधानगरीचा, अमेरिकेतला बायसन वेगळा. गव्याला इंग्रजीत ‘इंडियन बायसन’ म्हणायची सवय आहे, तिने घात केला. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ते शेवटचं वाक्य. ‘कौतुक’ हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही, हवं तर पुन्हा वाचा. आणि विचारा म्हणता, तर कोणाला विचारू? माझ्या आईला? माझं बालपण भोर तालुक्यात गेलं. मी नऊ वर्षांची असताना डोंगरावरचा वणवा आमच्या गवताच्या गंजीपर्यंत उतरला होता. निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन अख्खी वाडी रात्रभर आग झोडपत होती. आईच्या उजव्या मनगटावर त्या रात्रीचा डाग अजून आहे. त्याच घरात दर उन्हाळ्यात भाताचा राब भाजायचे, म्हणजे रोपं करायची जमीन पालापाचोळा पेटवून भाजून घ्यायचे. वारा पडल्याशिवाय वडील काडी ओढत नसत, आणि आधी बांधाच्या कडेचं गवत साफ करून घेत. वणवा आणि राब यांतला फरक मला कोणी पुस्तकातून शिकवलेला नाही. म्हणून ते वाक्य लागलं.

इथे गेली अकरा वर्षं मी स्वयंसेवक म्हणून प्रेअरी जाळायला जाते. प्रशिक्षण घेतल्याशिवाय हातात मशाल देत नाहीत. त्या दिवशीचा वारा आणि हवेतला दमटपणा ठरलेल्या मर्यादेत नसेल, तर सगळे घरी परत जातात. कितीदा तरी गेलो आहोत. आधी जाळरेषा काढायची, म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून कडेचा पट्टा मोकळा करायचा. मग वारा जिकडे वाहतो त्या टोकाला आग लावायची. ती वाऱ्याच्या विरुद्ध, मुंगीच्या पावलांनी मागे सरकते आणि काळा पट्टा तयार होतो. तो पुरेसा रुंद झाला की मगच दुसऱ्या टोकाला मशाल टेकवायची. बिग ब्लूस्टेम हे गवत आठ-आठ फूट वाढतं. वाळलेलं असलं की त्याच्या ज्वाळा माझ्या दुप्पट उंच जातात आणि तो आवाज छातीत जाणवतो. मला त्याची भीती वाटते. अकरा वर्षांनीही वाटते.

मग का जाळायचं? कारण या भागात झाडं वाढायला पुरेल एवढा पाऊस पडतो. आग थांबली की आधी झुडपं येतात, मग झाडं, आणि गवत सावलीत मरतं. पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवासी शेकडो वर्षं हे गवत जाळत आले होते. गवताचा कोंब जमिनीखाली सुरक्षित असतो. कंपास प्लांट या प्रेअरीतल्या फुलझाडाची मुळं दहा-पंधरा फूट खोल जातात, वरची आग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. जळून काळी झालेली जमीन लवकर तापते, आणि जुन्या वाळक्या गवताचा थर गेला की उजेड थेट कोंबावर पडतो. कॅन्ससमधल्या कोंझा प्रेअरीवर दरवर्षी, दर दोन, चार आणि वीस वर्षांनी जाळायचे वेगवेगळे तुकडे कित्येक दशकं राखले आहेत. क्वचित जळणाऱ्या तुकड्यांत झुडपं आणि झाडं कशी घुसतात, ते तिथे जाऊन नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

आणि उरलंय तरी किती? इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती. 1837 मध्ये जॉन डिअरने याच राज्यात पोलादी फाळाचा नांगर बनवला, आणि त्या चिकट काळ्या मातीत नांगर चालू लागला. आज चांगल्या स्थितीतली मूळ प्रेअरी जेमतेम अडीच हजार एकर आहे. तीही कुठे, तर रेल्वेच्या कडेला आणि जुन्या कबरस्तानांत, कारण तिथे नांगर गेला नाही. एकरभर कबरस्तानात कंपास प्लांटची पिवळी फुलं डोक्याच्या वर डोलताना मी पाहिली आहेत, आणि कुंपणापलीकडे क्षितिजापर्यंत मका. तो तुकडा आगीवाचून झुडपांत बुडू द्यायचा का, एवढं तरी प्रतिक्रिया लिहिण्याआधी मनात यायला हवं होतं.

राहिला किड्यांचा प्रश्न. सगळी प्रेअरी एका वर्षी जाळत नाहीत, आलटूनपालटून तुकडे जाळतात. रीगल फ्रिटिलरी या फुलपाखराच्या अळ्या पाचोळ्यात हिवाळा काढतात हे मला ठाऊक आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. प्रत्येक लेखात प्रत्येक जीव मावत नाही.

आपण वणवे विझवायला जाता, असं आपल्या सुरावरून वाटलं. जात असाल तर त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तोच आदर समोरच्यालाही द्यावा, ती आग आपल्याशिवाय कुणी पाहिलेलीच नाही असं धरून चालू नये.

एप्रिलमध्ये आम्ही ओढ्याच्या पलीकडचा तुकडा जाळणार आहोत. तीन आठवड्यांनी तिथे हिरवं फुटलं की फोटो टाकीन. त्यावर जरूर लिहा, पण खाली नाव घालून.