सीरियातील युद्ध वायुवाहिनीसाठी पेटले नव्हते

सीरियाच्या यादवीविषयी एक दावा गेली दहा-बारा वर्षे फिरतो आहे आणि तो सहसा नकाशासह येतो. नकाशावर दोन रेघा असतात. एक कतारहून सौदी अरेबिया, जॉर्डन व सीरियामार्गे तुर्कस्तानात जाणारी आणि दुसरी इराणहून इराकमार्गे सीरियाच्या किनाऱ्यापर्यंत येणारी. दावा थोडक्यात असा: सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष बशर अल-असद यांनी २००९ मध्ये रशियाला दुखवायचे नाही म्हणून कतारची नैसर्गिक वायुवाहिनी नाकारली आणि पुढे इराणची पत्करली, त्याचा सूड म्हणून अमेरिका, कतार, सौदी अरेबिया व तुर्कस्तान यांनी तेथे बंड घडवून आणले, आणि युरोपातील आपली बाजारपेठ राखण्यासाठी रशिया असद यांच्या मदतीला धावला. अमेरिकेतील केनेडी घराण्यातील रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर यांनी २०१६ मध्ये एका लेखात हीच मांडणी केल्यावर तिला आणखी वजन आले. परकीय सत्तांनी सीरियात बेमुर्वतपणे हस्तक्षेप केला, याबद्दल माझा वाद नाही. तो वायूसाठी केला, हे मात्र पुराव्यावर टिकत नाही.

प्रथम त्या नकाराविषयी. कतारचे तत्कालीन अमीर शेख हमद बिन खलिफा अल-थानी ऑगस्ट २००९ मध्ये तुर्कस्तानच्या भेटीवर असताना अशा वाहिनीची चर्चा झाली, हे खरे आहे. पण ती चर्चेपुरतीच राहिली; भांडवलाची तजवीज, मार्गाचा करार किंवा ठरलेला ग्राहक यांपैकी काहीही अस्तित्वात नव्हते. असद यांनी ती नाकारल्याचा त्या काळातील कागदोपत्री आधार दावा करणारे देत नाहीत. उलट त्या वर्षी असद स्वतःच आपला देश ऊर्जेच्या मार्गांवरचा चौक व्हावा, अशी ‘चार समुद्रां’ची कल्पना मांडत होते. इजिप्तचा वायू जॉर्डनमार्गे २००८ मध्ये सीरियात पोहोचला होता आणि ती वाहिनी पुढे तुर्कस्तानपर्यंत नेण्याचेही ठरले होते.

ज्यांनी सूड उगवला असे म्हटले जाते, त्यांचे २००९ ते २०११ या काळातील वर्तनही सूडाचे दिसत नाही. तुर्कस्तानने २००९ मध्ये सीरियाशी व्हिसामुक्त प्रवासाचा करार केला. कतार सीरियात गुंतवणूक करत होता. अमेरिकेने जवळपास सहा वर्षांच्या खंडानंतर जानेवारी २०११ मध्ये दमास्कसला राजदूत पाठवला, आणि निदर्शने सुरू झाल्यानंतरही परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी, अमेरिकेतील दोन्ही पक्षांचे अनेक संसद सदस्य असद यांना सुधारक मानतात, असे जाहीरपणे सांगितले. कतारने दूतावास बंद केला तो जुलै २०११ मध्ये, आणि ओबामांनी असद यांना पायउतार होण्यास सांगितले ते १८ ऑगस्टला, म्हणजे निदर्शकांवरील गोळीबाराला पाच महिने उलटल्यावर. दोन वर्षे शिजवलेल्या कटाचे सूत्रधार कट उघडल्यावर इतके चाचपडत नाहीत.

या मांडणीत सीरियाची माणसे कुठेच नसतात. मार्च २०११ मध्ये जॉर्डनच्या सीमेलगतच्या दरा शहरात भिंतीवर सरकारविरोधी घोषणा लिहिणाऱ्या शाळकरी मुलांना पकडून त्यांचा छळ करण्यात आला. तेथील सुरक्षा विभागाचे प्रमुख आतेफ नजीब हे असद यांचे नातलग होते, आणि मुलांना सोडवण्यासाठी रस्त्यावर आलेल्या लोकांवर गोळ्या चालवल्या गेल्या. त्यापूर्वीच्या काही वर्षांच्या दुष्काळाने ईशान्येकडची शेती मोडली होती. मोबाइल सेवेसारखे किफायतशीर धंदे अध्यक्षांचे मामेभाऊ रामी मखलूफ यांच्या हाती एकवटले होते, आणि १९६३ पासून आणीबाणीचा कायदा लागू होता. ट्युनिशिया आणि इजिप्त येथील राजवटी त्याच हिवाळ्यात कोसळल्या होत्या. या सगळ्याला वायुवाहिनीची गरज पडली नाही.

आता त्या नकाशाकडेच पाहू. कतारला जमिनीची सीमा एकच आहे आणि ती सौदी अरेबियाशी आहे. सौदीने कतारहून कुवेतकडे जाणाऱ्या वाहिनीला वाट दिली नाही, आणि कतारहून संयुक्त अरब अमिरातीला समुद्रतळावरून जाणाऱ्या, २००७ मध्ये सुरू झालेल्या डॉल्फिन वाहिनीवरही आक्षेप घेतला. ज्या सौदीने शेजारच्या कुवेतपर्यंत कतारचा वायू जाऊ दिला नाही, तो कतारला युरोपचा मोठा पुरवठादार बनवण्यासाठी युद्ध पोसत होता, असे मानायचे तर दाव्याच्या पुरस्कर्त्यांनी कारण द्यायला हवे. ते कोणी देत नाही. युद्धकाळात तर हे दोघे एकमेकांवरच कुरघोडी करत होते. मार्च २०१३ मध्ये कतारच्या मर्जीतले गस्सान हित्तो विरोधकांचे हंगामी पंतप्रधान निवडले गेले. जुलैमध्ये सौदीच्या पाठिंब्याचे अहमद जरबा विरोधकांच्या आघाडीचे अध्यक्ष झाले आणि दोनच दिवसांत हित्तो यांनी राजीनामा दिला. रणांगणावरही प्रत्येकाचे गट वेगळे होते, आणि असद यांच्या विरोधकांची एकजूट न होण्यामागे हे एक मोठे कारण होते. मार्च २०१४ मध्ये सौदीने दोहातून राजदूत परत बोलावला आणि जून २०१७ मध्ये कतारची नाकेबंदीच केली. वाहिनीचे भागीदार म्हणून दाखवले जाणारे हे दोन देश होते.

व्यापाराच्या अंगानेही गणित जमत नाही. कतारने आपल्या नॉर्थ फील्ड या प्रचंड साठ्यात नवे प्रकल्प घेण्यावर २००५ मध्ये स्वतःहून स्थगिती घातली, आणि ती एप्रिल २०१७ मध्ये उठवली. वाहिनी भरण्यासाठी लागणारा नवा वायू काढण्याचा त्याचा त्या काळात बेतच नव्हता. त्याची सारी गुंतवणूक वायू थंड करून द्रवरूपात, म्हणजे एलएनजी म्हणून, जहाजांनी पाठवण्यात होती, आणि २०१० च्या अखेरीस त्याची क्षमता वर्षाला ७.७ कोटी टनांवर गेली. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली, जपानची मागणी वाढली आणि आशियात युरोपपेक्षा कितीतरी चढा भाव मिळू लागला. जहाज भाव पाहून दिशा बदलू शकते, वाहिनीला ती सोय नसते. शिवाय युरोपात जायचेच तर ब्रिटनमधील मिलफर्ड हेवन आणि इटलीचा एड्रियाटिक किनारा येथे कतारची भागीदारी असलेली आयात केंद्रे २००९ मध्येच सुरू झाली होती. असद यांच्या परवानगीशिवाय कतारचा वायू युरोपात पोहोचत होता.

इराणच्या रेघेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. इराण, इराक आणि सीरिया यांनी त्या वाहिनीच्या सामंजस्य करारावर सही केली ती जुलै २०११ मध्ये, उठाव सुरू होऊन चार महिने झाल्यावर. परिणाम कारणाच्या आधी येत नाही. शिवाय निर्बंधांखाली असलेल्या इराणकडे दहा अब्ज डॉलरचा प्रकल्प उभारण्याचे बळ नव्हते.

दाव्याचा सर्वांत गंभीर भाग मात्र वेगळा आहे, आणि तो उडवून लावणे योग्य होणार नाही. फुटलेल्या अमेरिकी राजनैतिक तारांवरून, म्हणजे दूतावासांच्या गोपनीय संदेशांवरून, असे दिसते की परराष्ट्र खात्याने सीरियातील विरोधकांना आणि लंडनहून चालणाऱ्या असदविरोधी बरादा टीव्हीला गुपचूप पैसा पुरवला होता. हे खरे आहे. पण त्याच तारांनुसार हा पैसा २००६ पासून जात होता, म्हणजे कथित नकाराच्या तीन वर्षे आधीपासून. फेब्रुवारी २००५ मध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांची हत्या झाली, संशय सीरियावर गेला आणि बुश प्रशासनाने दमास्कसहून राजदूत परत बोलावला. इराकमध्ये अमेरिकी सैन्यावर हल्ले करणारे लढवय्ये सीरियातून येतात, ही तक्रार त्याआधीची. पुरावा खरा आहे, पण तो दाव्याच्या विरोधात जातो. पुढे सीआयएची बंडखोरांना शस्त्रपुरवठ्याची योजना २०१३ मध्ये सुरू झाली आणि ट्रम्प यांनी ती २०१७ मध्ये गुंडाळली. पेंटागॉनच्या ५० कोटी डॉलरच्या प्रशिक्षण योजनेतून प्रत्यक्ष लढणारे चार-पाच जण उरले आहेत, अशी कबुली जनरल ऑस्टिन यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये सिनेटपुढे दिली.

रशियाविषयीच्या भागाचे खंडन घटनांनीच केले आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानने सीरियाच्या सीमेवर रशियाचे लढाऊ विमान पाडले, मॉस्कोने अनेक निर्बंध लादले, पण वायूचा पुरवठा तोडला नाही. तुर्कस्तान तेव्हा निम्म्याहून अधिक वायू रशियाकडून घेत होता. वर्ष उलटण्याआधीच, ऑक्टोबर २०१६ मध्ये, सीरियात परस्परविरोधी गटांच्या मागे उभ्या असलेल्या या दोन देशांनी रशियाचा वायू तुर्कस्तानात नेणाऱ्या टर्कस्ट्रीम वाहिनीचा करार केला. रशियाचे खरे हेतू तो स्वतः फारसे लपवत नव्हता. लिबियाविषयी मार्च २०११ मध्ये सुरक्षा परिषदेत तटस्थ राहिल्यावर नाटोने त्या ठरावाचा वापर राजवट उलथवण्यासाठी केला, अशी त्याची भावना झाली. त्याच वर्षी, २०११ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याने चीनसह सीरियाविषयीच्या ठरावावर नकाराधिकार वापरला. सीरियाच्या किनाऱ्यावरील तार्तूसचा त्याचा नाविक तळ १९७१ पासूनचा. २०१५ मध्ये इदलिब असद यांच्या हातून गेले, फौज खिळखिळी झाली, आणि ३० सप्टेंबरला रशियाची विमाने आकाशात आली.

इतरांचे हेतूही असेच एकेकाचे वेगळे होते. इराणला दमास्कस हवे होते ते लेबनॉनमधील हिजबुल्लाह या सशस्त्र संघटनेपर्यंतची वाट म्हणून, आणि म्हणूनच २०१३ मध्ये कुसैरच्या लढाईत हिजबुल्लाह उघडपणे उतरली. तुर्कस्तानने २०१६, २०१८ आणि २०१९ मध्ये सैन्य घुसवले ते मुख्यतः सीमेलगत कुर्दांचा सलग प्रदेश होऊ नये म्हणून. ते कुर्द तर इस्लामिक स्टेटविरुद्ध अमेरिकेचे भागीदार होते. ट्रम्प यांनी २०१९ मध्ये तेल आपण राखणार असे म्हटले, त्याचा आधार आता घेतला जातो. पण युद्धापूर्वी सीरियाचे तेल दिवसाला चार लाख पिंपांहून कमी, जगाच्या उत्पादनाच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत होते.

८ डिसेंबर २०२४ रोजी असद यांची राजवट कोसळली. त्यानंतर तुर्कस्तानच्या ऊर्जामंत्र्यांनी कतार-तुर्कस्तान वाहिनीची शक्यता बोलून दाखवली आणि दावा पुन्हा वर आला. पण स्थैर्य आले तर एखादी वाहिनी शक्य होईल, या विधानावरून २०११ च्या उठावाचे कारण सिद्ध होत नाही. प्रत्यक्षात २०२५ मध्ये घडले ते असे: मार्चमध्ये कतारच्या खर्चाने जॉर्डनमार्गे सीरियाला वायू मिळू लागला आणि ऑगस्टमध्ये अझरबैजानचा वायू तुर्कस्तानातील किलिसहून अलेप्पोकडे येऊ लागला, त्यालाही पैसा कतारचाच. दोन्ही वाहिन्यांतला वायू युरोपकडे जात नाही. तो सीरियाच्या वीज केंद्रांत जळतो.